सासऱ्यांना कादंबरी वाचून दाखवताना

आमच्या घरी एक वाचक राहतो. हे वाक्य मी छाती फुगवून लिहिते आहे. ज्यांच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा असतो किंवा ज्यांचा मुलगा परदेशात असतो, ते कसं दोन मिनिटांत बोलणं त्या विषयावर आणतात, तसं मीही आणते. आमच्या घरी एक वाचक राहतो आणि ते माझे सासरे आहेत.

शहाद्याहून गाडीवर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल, इतक्या जवळच्या गावात आमचं घर आहे. पुढे ओटा, मागे गोठा आणि गोठा संपला की लगेच केळी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. शाळा किती झाली असं विचारलं की आबा विषय बदलतात. पण शहाद्याच्या वाचनालयातून सायकलवर कादंबऱ्या आणून वाचायचं वेड त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून होतं. केळीला पाणी द्यायला मळ्यात जायचे आणि मोटारीच्या खोलीत पोत्यावर बसून वाचायचे. एकदा असे बुडाले की वाफे भरून पाणी शेजाऱ्याच्या कापसात शिरलं. शेजारी शिव्या देत आला, तर हे आतून म्हणतात, "थांब रे जरा, हाऊ मरी ऱ्हायना. याले मरू दे, मंग मोटार बंद करस." आत कोण मरतंय म्हणून तो बिचारा घाबरून डोकावला. आत आबा एकटे आणि हातात पुस्तक. पुढची कित्येक वर्षं तो शेजारी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होता आणि आबांना त्यात काहीच हसण्यासारखं दिसत नव्हतं.

सासूबाई म्हणायच्या, "मन्ही सवत शहादामा ऱ्हास, लायब्ररीमा." हे त्या रागाने म्हणायच्या की कौतुकाने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मग काचबिंदूने आबांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने आत सरकत गेले. आता त्यांना उजेड कळतो, समोर कोणी उभं राहिलं तर सावली कळते, बस. डोळे गेल्याचं दुःख त्यांनी फार बोलून दाखवलं नाही. शेतात जाता येत नाही याचंही नाही. पण दुपारी चहा झाला की त्यांचा हात उशीकडे जायचा, जिथे पुस्तक असायचं तिथे, आणि मोकळाच परत यायचा.

आमच्या ह्यांनी यावर आधुनिक उपाय काढला. फोनवर गोष्टी ऐकायचं एक ॲप घालून दिलं, कानाला लावायला तारही आणली. आबांनी तीन-चार दिवस मुकाट्याने ऐकलं आणि तार गुंडाळून परत केली. म्हणाले, "हाऊ मानूस गोष्ट नही सांगी ऱ्हायना, बातम्या दी ऱ्हायना." मग जरा थांबून, आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "बेटा, कालेजमा पोरेस्ले वाची दखाडस ना? मंग मले बी दखाड."

मी लोणखेड्याला कॉलेजात मराठी शिकवते. वाचून दाखवणं माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. पण सासऱ्यांना वाचून दाखवणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या सुनांनाच कळेल. माझं माहेर तापीच्या पलीकडचं, दोंडाईचा बाजूचं. एम.ए. होऊन मी या घरात आले, पण सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली यायलाच हवा, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. त्यांना सरळ काही विचारायचं नाही. चहा आणू का, एवढं विचारायचं असलं तरी शेजारच्या मांजराकडे बघून विचारायचं आणि उत्तरही मांजरालाच मिळायचं. आबांनी हे कधी मागितलं नाही, पण नको असंही कधी म्हटलं नाही. रीत होती, ती आम्ही दोघंही पाळत होतो. पुढे नोकरी लागली, पदर कपाळावरून केसांवर गेला, नंतर खांद्यावर आला, कॉलेजात जाताना पंजाबी ड्रेस आला. पण समोरासमोर बसून बोलणं काही आलं नाही.

त्यामुळे पहिल्या दिवशी मी दाराआडून वाचलं. आबा ओट्यावर खाटेवर, मी उंबऱ्याच्या आत पाटावर, मध्ये चौकट. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की आबा दाराशी गप्पा मारत बसलेत. असं काही दिवस चाललं. मग उसाचे दिवस आले आणि कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर घरासमोरून धडधडायला लागले. एका संध्याकाळी आबा वैतागून म्हणाले, "बाहेर ये बेटा. ट्रॅक्टर जास तव्हय मन्हा दरोडेखोर काय बोलना तेच समजत नही." दरोडेखोरासाठी मी उंबरा ओलांडला. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि सासऱ्यांसमोर बसले. समोरच्या घरातल्या बाईने भांडी घासणं थांबवून बघितलं. बघ म्हटलं, डोळे भरून बघ.

आबांना वाचून दाखवणं हे सोपं काम नाही. ऐकताना ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतात. दिसायची गरज नसलेलं तेवढंच काम त्यांच्या हातात उरलं आहे. गोष्ट साधारण असेल तर शेंगा एका चालीत फुटत राहतात. रंगली की हात थांबतात. मी वाचता वाचता कान त्या आवाजाकडे लावून असते. कॉलेजात मला कथेचे घटक शिकवावे लागतात, प्रश्नपत्रिकेत ते गुणांसकट येतात, पण त्या घटकांपैकी एकाही घटकाने मला कधी सांगितलं नाही की गोष्ट कुठल्या ओळीला धरते आणि कुठल्या ओळीला सोडते. ते मला शेंगांनी सांगितलं.

आणि मग त्यांचं ते "बंद कर." आबा पुस्तकाला भरपूर संधी देतात, पण एकदा "बंद कर" म्हणाले की पुस्तक परत. त्यावर अपील नाही. लेखक मोठा असो, पुस्तकाला पारितोषिक मिळालेलं असो, आमच्या ओट्यावर त्याची किंमत शून्य. एका कादंबरीबद्दल म्हणाले, "याना सगळा लोके भोळा शेतस. म्हंजे हाऊ कोनताच गावमा ऱ्हायेल नही." एका लेखकाबद्दल म्हणाले की तो आपल्या पात्रांच्या आधी रडायला लागतो, मग पात्रांना काय काम उरतं? एकाला शेवट आधीच माहीत होता म्हणून तो सगळ्यांना हाकलत तिकडे नेतोय, असं म्हणून पुस्तक मिटायला लावलं. मी स्टाफरूममध्ये ही मतं माझी म्हणून सांगितली आहेत आणि भाव खाल्ला आहे.

एक अडचण मात्र होती. कादंबरी म्हटली की त्यात प्रेम येणार. प्रेम आलं की माणसं हात धरणार, जवळ येणार. आता हे मी सासऱ्यांसमोर कोणत्या तोंडाने वाचायचं? मी युक्ती काढली. तसलं काही येताना दिसलं की मी खोकायचे, पाणी प्यायचे आणि दोन पानं उलटून पुढे जायचे. सगळं सुरळीत चाललं आहे असं मला वाटत होतं. एक दिवस आबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाले, "एक पानवर दोन्ही भेटनात, नि दुसरा पानवर पोऱ्या खेळी ऱ्हायना! मझारलं पान उंदीरनी खादं का?"

मी लाजेने लाल. पण त्यानंतरही मी पानं गाळतच राहिले आणि आबाही पुन्हा काही बोलले नाहीत. खोकला आला की ते आपले शांतपणे आभाळाकडे तोंड करून बसायचे. तीही रीतच झाली म्हणायची.

इतकं वाचून दाखवल्यावर माझं मला लिहावंसं वाटायला लागलं, यात नवल नाही. कॉलेजात मोकळ्या तासाला फोनवर लिहायचे. माझी गोष्ट सारंगखेड्याच्या यात्रेतली. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, कुठून कुठून घोडे येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. फोटो काढणारे घोड्यांचे काढतात. माझी बाई घोड्यांना लागणारा कडबा विकते. विधवा आहे, चाळिशीतली, जिभेची तिखट. मारवाडकडून दरवर्षी येणारा एक घोडेवाला तिच्याकडूनच कडबा घेतो आणि कडब्याला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ तिच्या ढिगाशी उभा राहतो. एवढीच गोष्ट. पण ती लिहिताना मला जो आनंद व्हायचा, तो मी आयुष्यात दुसऱ्या कशात घेतलेला नाही. बाई भावावरून हुज्जत घालायला लागली की माझे ओठ हलायचे. समोर बसलेले गणिताचे सर काळजीने विचारायचे, "मॅडम, बरं आहे ना?"

अर्धी कादंबरी झाल्यावर मला राहवेना. आबांना ऐकवायची होती. पण माझी म्हणून ऐकवली असती तर त्यांनी सुनेचं मन राखून ऐकलं असतं, आणि मला सासरा नको होता, वाचक हवा होता. म्हणून मी शहाद्याला एसटी स्टँडजवळ छापून घेतलं आणि पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली, कारण आबा प्रत्येक पुस्तक आधी हातात घेतात. जाडी बघतात, पानांवरून अंगठा फिरवतात, वास घेतात. माझ्या कादंबरीचाही त्यांनी वास घेतला.

"नवं शे," आबा म्हणाले. "कोनं शे?"

"एक बाई शे. पहिलंच पुस्तक शे तिनं."

"कठली?"

"आपलाच भागनी."

"आपला भागनी?" आबा खाटेवर सरळ होऊन बसले, टोपी नीट केली. "मंग वाच."

मनाशी मी एक गोष्ट ठरवून टाकली होती. आबा "बंद कर" म्हणाले, तर ही कादंबरी मी पुढे लिहिणार नाही. हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे दुसरा वाचक नव्हता आणि खरं तर मला दुसरा नकोच होता. जो माणूस पाण्याची पर्वा न करता मोटारीच्या खोलीत बसून राहिला, त्याला जर माझ्या गोष्टीत बसवेना, तर ती छापून शंभर जणांनी वाहवा केली तरी मला काय करायची होती?

पहिले काही दिवस फार छान गेले. बाई भावावरून एका दाढीवाल्या व्यापाऱ्याला झापते, तिथे आबा एवढे हसले की टोपी पडली. बाई रात्रभर कडब्याच्या राखणीला बसते, तिथे शेंगा थांबल्या. मी वाचत होते आणि टोपलीतून आवाज येत नव्हता. ती शांतता मी कुणाला विकत द्यायची नाही. मी स्वतःशीच म्हटलं, माझी बाई या माणसाला धरून बसली आहे, आणि मला इतका अभिमान वाटला की पुढच्या ओळीवर माझी जीभ अडखळली.

मग नदीकाठचं प्रकरण आलं. यात्रेचा शेवटचा दिवस, घोडेवाला निघायच्या तयारीत. दोघं तापीच्या काठाला बसलेली. तो विचारतो, इतकी वर्षं एकटीने काढली, कधी काही वाटत नाही का? यावर मी लिहिलं होतं की तिने पदर सावरला, मान खाली घातली, "देव आहे ना" एवढंच म्हणाली आणि घराकडे वळली. त्यानंतर पानभर चांदणं होतं, तापीचं पाणी होतं, लांबून येणारी घोड्याच्या गळ्यातली घंटा होती. ते पान मला स्वतःला फार आवडायचं. ते मी सावकाश, ठसक्यात वाचलं.

शेंगा फुटायला लागल्या होत्या. एका चालीत.

"बंद कर," आबा म्हणाले.

मी विचारलं, का म्हणून.

"हाई बाई लिखी ऱ्हायनी व्हती, तव्हय तिना सासरा सामने बठेल व्हता का?"

आबा शांतपणे सांगत होते, नेहमी सांगतात तसं. "इतला दिन ती कडबावाली कोनले दबनी नही. घोडावालास्शी भांडनी. नि आते एक सवाल इचारा तं तिले देव आठवना? हाई ती नही बोलनी. लिखनारी घाबरनी."

पुस्तक मिटून मी आत गेले. मला संताप आला होता. पातेली आपटली, भाजी करपवली, ह्यांनी काय झालं विचारलं तर त्यांच्यावरच घसरले. आयुष्यभर मोटारीच्या खोलीत बसून दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, स्वतः कधी एक ओळ लिहिली का, असं मनातल्या मनात आबांना खूप सुनावलं. जेवताना त्यांना वाढलं, पण नेहमीसारखं भाजी कशी झाली हे मांजराच्या निमित्तानेही विचारलं नाही. करपलेली भाजी आबांनी मुकाट्याने खाल्ली.

राग यायचं कारण मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळलं. मोकळा तास होता. ते प्रकरण मी फोनवर उघडलं आणि "देव आहे ना" हे तीन शब्द खोडले. आता ती काय म्हणेल? तो विचारतोय, ती बसली आहे, पाणी वाहतंय. मला तिचं उत्तर ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट. ते लिहायला मी अंगठा टेकवला आणि त्याच वेळी माझा दुसरा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर ओढायला. अंगात पंजाबी ड्रेस होता. डोक्यावर पदर असायचा प्रश्नच नव्हता. आणि हात तर गेला होता.

मी तो हात खाली आणून टेबलावर दाबून ठेवला आणि लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. माझी बाई घराकडे वळली नाही, बसून राहिली. म्हणाली, वाटतं ना, न वाटायला मी काय दगड आहे? म्हणाली, नवरा गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही. भांडायला येतात, भाव करायला येतात, आजारी पडले तर डॉक्टर सुई टोचायला हात धरतो, तेवढाच. गाय वासराला चाटते ना, ते बघितलं तरी मी तोंड फिरवून घेते. आणि मग तिने त्याचा हात, ज्याला घोड्याचा वास येत होता तो, स्वतः उचलून आपल्या गालावर ठेवला आणि तसाच राहू दिला. चांदणं मी सगळं काढून टाकलं. त्याला तिथे जागाच नव्हती.

लिहून झाल्यावर मी स्टाफरूमच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. हे आपण लिहिलं, असं मी स्वतःला दोनदा म्हटलं. मला कुणाच्याही शाबासकीची गरज वाटली नाही. पण मग आठवलं, हे सासऱ्यांना वाचून दाखवावं लागणार आहे.

संध्याकाळी ओट्यावर गेले. आबांनी दुसरं पुस्तक काढून ठेवायला सांगितलं होतं. मी तीच बांधलेली प्रत घेऊन बसले, मध्ये सुटे कागद घातलेले.

"आबा, कालनंच पुस्तक शे. एक भाग आजून आयका. मंग भले बंद करा."

"बंद म्हनं म्हंजे बंद. आसं मी कव्हय करं नही."

"आज करा." माझा आवाज चढला. या घरात आल्यापासून मी आबांशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. समोरच्या घरातली भांडी थांबली. मी पुढे म्हटलं, आणि मांजराला नाही, त्यांनाच म्हटलं, "दरोडेखोरकरता मले बाहेर बलावं ना तुम्हीन? मंग हाई बाईकरता बी आयका."

आबांनी शेंगांची टोपली जवळ ओढली. मग म्हणाले, "एकच भाग. जास्ती नही."

मी सुरुवात केली. तो विचारतो इथपर्यंत ठीक गेलं. "वाटतं ना" हेही म्हटलं. मग "नवरा गेल्यापासून" हे शब्द आले. खोकला आला. सवयीचा होता, ठरलेल्या जागी आला. उजव्या हाताने मी पान उलटायला घेतलं सुद्धा. कागद वाजला. आबांनी तो ऐकला.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि स्वतःच्या डोक्यावरून पुढे घेतला. कपाळाच्या खाली, डोळ्यांच्या खाली, हनुवटीपर्यंत. ज्यांना माझी सावलीसुद्धा धड दिसत नाही, त्या माझ्या सासऱ्यांनी माझ्यासमोर तोंड झाकून घेतलं.

"आते वाच," टॉवेलातून आवाज आला. "पान नको गाळू."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. डॉक्टरची सुई वाचली, गाय वाचली, गालावरचा हात वाचला. माझा आवाज आधी कापत होता आणि मग कापायचा थांबला, कारण पुढे वाचत होती ती मी नव्हतेच, कडबा विकणारी माझी बाई स्वतःच बोलत होती आणि तिला कुणाची भीती नव्हती. टॉवेल आबांच्या तोंडाशी श्वासाने हलत होता. सासूबाई गेल्यापासून त्यांना तरी कुणी हात लावला असेल का, हे तोपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. मी लिहिताना त्यांचा विचार केला नव्हता. पण वाचताना मला कळलं की मी कुणापुढे काय वाचते आहे, आणि तरी मी थांबले नाही.

प्रकरण संपलं. रस्त्याने कुणी जात नव्हतं. आबा तसेच बसले होते.

"फुढे वाच," ते म्हणाले.

आमच्या ओट्यावर "बंद कर" म्हटलेलं पुस्तक पुन्हा कधी उघडलेलं नाही. माझं उघडलं. त्या दोन शब्दांनी मी केवढी उंच झाले, ते मला सांगता येणार नाही. पण हातातले कागद संपले होते.

"फुढे नही शे, आबा."

"नही शे म्हंजे? सरनं पुस्तक?"

"सरनं नही. आजून लिखं नही."

"कोनी लिखं नही?"

"मी."

टॉवेल खाली आला. डोळे ओले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. माझा आवाज जिथून आला तिकडे त्यांनी तोंड केलं, जणू आता तरी मी दिसेन.

"मी बंद कर म्हनं, तो भाग बी तुन्हाच व्हता?"

"हां."

"वाईटच व्हता तो."

"हां, आबा."

"मन्हाच घरमा लिखनारी बठेल शे," ते मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की समोरच्या घरापर्यंत जावं, "नि मी शहादाथाईन पुस्तकं मांगाडी ऱ्हायनू!"

मग आवाज खाली आणून, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "मंग जाय, लिख. मी आठेच बठेल शे."